सोमालियातील दुष्काळ आणि उशिरा पोहोचणारा पैसा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोमालियात अवर्षण आणि युद्ध यांनी गांजलेल्या लोकांसाठी दरवर्षी कोट्यवधी डॉलरची मदत जाहीर होते, तरी काही वर्षांनी हाडांचे सापळे झालेल्या मुलांची तीच छायाचित्रे पुन्हा का दिसतात? पैसा कमी पडतो, उशिरा येतो, की मधेच कुठे पाणी मुरते? आणि महाराष्ट्रात बसून एखाद्याला काही द्यावेसे वाटले, तर त्याने काय करावे?

तिन्ही गोष्टी घडतात. परंतु पूर्व आफ्रिकेतील मदतकार्याच्या निधीचे नियोजन करण्यात आणि हिशेब तपासण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, सर्वांत जास्त माणसे उशिरामुळे मरतात, आणि उरलेली दोन कारणे पुष्कळदा त्या उशिराचे समर्थन म्हणूनच पुढे केली जातात.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करायला हवा. मराठीत पाऊस न पडणे, पीक बुडणे, चारा संपणे आणि माणसे उपासमारीने मरणे या सगळ्यालाच आपण दुष्काळ म्हणतो. मदतनिधीच्या व्यवहारात मात्र या अवस्था काटेकोरपणे वेगळ्या धरल्या जातात, कारण पैसा त्या भेदावर हलतो. म्हणून इथे पावसाच्या अभावाला मी अवर्षण म्हणेन आणि दुष्काळ हा शब्द शेवटच्या, माणसे मरू लागण्याच्या अवस्थेसाठी राखून ठेवेन. अन्नसुरक्षेची पाच टप्प्यांची जी मोजपट्टी आज जगभर वापरली जाते, ती २००४ मध्ये सोमालियासाठीच प्रथम तयार झाली. तिच्यानुसार एखाद्या भागात दुष्काळ आहे असे म्हणण्यासाठी किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची वानवा असावी लागते, पाच वर्षांखालील ३० टक्क्यांहून अधिक मुले तीव्र कुपोषित असावी लागतात, आणि दर १०,००० लोकांमागे दररोज किमान २ मृत्यू उपासमारीमुळे किंवा तिच्यातून आलेल्या रोगांमुळे होत असावे लागतात. ज्यांनी आपल्याकडची पैसेवारीची पद्धत जवळून पाहिली आहे, त्यांना यातील अडचण लगेच कळेल. आकडा रेषेखाली गेल्याशिवाय गाव दुष्काळग्रस्त ठरत नसे, आणि आकडा हाती येईपर्यंत गुरे विकली गेलेली असत. सोमालियात मात्र ही रेषा पिकाच्या उताऱ्याची नसून मृत्यूंची आहे. दुष्काळ जाहीर होतो, याचाच अर्थ माणसे आधीच मेलेली असतात.

२०११ चे उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्याचा हिशेब पुढे नीट मांडला गेला. सोमालियात पावसाचे दोन हंगाम असतात. एप्रिल ते जून हा ‘गू’चा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘देयर’चा. ऑगस्ट २०१० मध्येच, प्रशांत महासागरातील ला निन्याच्या लक्षणांवरून, येणारा देयर कोरडा जाईल असा इशारा अमेरिकेच्या निधीवर चालणाऱ्या दुष्काळ पूर्वसूचना यंत्रणेने दिला होता. तो खरा ठरला. पुढचा गू हंगामही फसला. या अकरा महिन्यांत इशाऱ्यांमागून इशारे येत राहिले, आणि पैसा मात्र तुरळक आला. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी सोमालियाच्या दक्षिण बाकूल आणि लोअर शबेले या भागांत दुष्काळ जाहीर केला, आणि त्यानंतर काही आठवड्यांत निधीचा ओघ सुरू झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात नेहमीच्या मृत्युमानापेक्षा सुमारे २,५८,००० माणसे अधिकची मरण पावली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती. यांतील जवळपास निम्मे मृत्यू घोषणेपूर्वीच होऊन गेले होते.

इशारा असूनही पैसा का हलला नाही? पहिले कारण असे की हा पैसा कोणाचेही बंधनकारक देणे नसतो. दरवर्षाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांची समन्वय संस्था त्या त्या देशासाठी पुढील वर्षाच्या गरजांचा आराखडा करते आणि एक आवाहन काढते. त्यावर प्रत्येक सरकार आपल्या मर्जीने, आपल्या अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि आपल्या राजकीय गरजेनुसार रक्कम देते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होते, आवाहनाचे वर्ष जानेवारीत, आणि सोमालियातील भुकेचे वर्ष पावसावर चालते. या तीन पंचांगांचा मेळ बसवणे हेच माझ्यासारख्यांचे निम्मे काम असते.

इथे महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन, खडी फोडून लोक जगले, ही आठवण घरोघरी आहे. पण त्या अनुभवातून महाराष्ट्राने काढलेला निष्कर्ष आर्थिक होता. रोजगार हमीसाठी व्यवसाय कर बसवला गेला, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. त्या योजनेत पुढे काय काय गैरप्रकार झाले हे सर्वांना ठाऊक आहे, तरीही पैशाची सोय संकटाच्या आधी झालेली होती, हे तिचे बलस्थान होते. १९९१ मध्ये सियाद बर्रे यांची राजवट कोसळल्यानंतर सोमालियात कर गोळा करून असे काही उभे करील असे सक्षम शासन दीर्घकाळ नव्हतेच. त्यामुळे तिथल्या माणसाचा हक्क हा दर वर्षी नव्याने करायच्या याचनेचा विषय होऊन बसला.

दुसरे कारण पुराव्याच्या मागणीत आहे. एका वर्षी फेब्रुवारीत आम्ही गोवर लसीकरण, विहिरींची दुरुस्ती आणि पाण्याचे टँकर यांसाठी एक प्रस्ताव पाठवला होता. निधी देणाऱ्या कचेरीतून, परिस्थितीच्या तीव्रतेचे अधिक आकडे द्यावेत, असे उत्तर आले. आकडे जमवायला वेळ गेला, मधे एक अधिकारी बदलला, आणि मंजुरी ऑगस्टमध्ये मिळाली. तोपर्यंत कुपोषणाचे प्रमाण आम्हाला सिद्ध करावे लागले नाही, कारण ते दिसतच होते. त्या कचेरीतील माणसे निर्दय नव्हती. चुकीच्या इशाऱ्यावर पैसा खर्च झाला तर त्यांना जाब विचारला जातो, आणि उशिरामुळे माणसे मेली तर कोणालाच विचारला जात नाही, एवढाच तो फरक होता.

प्रत्यक्षात पुरावा लवकर मिळू शकतो, फक्त तो रुग्णालयात नव्हे तर बाजारात शोधावा लागतो. सोमालियातील पशुपालक कुटुंबाची पत शेळ्या, मेंढ्या आणि उंटांत असते. एका शेळीच्या किमतीत किती किलो ज्वारी किंवा मका येतो, हे गुणोत्तर दर महिन्याला नोंदवले जाते. अवर्षण आले की चारा संपतो, जनावरे खंगतात, सगळेच विकायला काढतात, शेळीचा भाव पडतो, आणि त्याच वेळी दक्षिणेतील बैदोवा शहराच्या आसपासची ज्वारी न पिकल्यामुळे धान्य महागते. दोन्ही बाजूंनी कात्री लागते. हे गुणोत्तर घसरू लागल्यापासून मुले दगावू लागेपर्यंत काही महिन्यांचा अवधी हाती असतो. त्या काळात कुटुंबाच्या हातात थोडी रोकड पडली तर ते माद्या विकत नाही, आणि पाऊस आल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहते. तोच पैसा सहा महिने उशिरा दिला, तर विकायला जनावर उरलेले नसते, कुटुंब गाव सोडून शहराबाहेरच्या छावणीत आलेले असते, आणि मग त्याला पाणी, निवारा, अन्न, औषध हे सर्व वर्षानुवर्षे पुरवावे लागते.

याला जोडून एक गोष्ट सांगतो, कारण देणगीदारांच्या डोळ्यांसमोर नेहमी धान्याचे पोते असते. दुष्काळात माणसे बहुतांशी नुसत्या उपासाने मरत नाहीत. अन्नाअभावी क्षीण झालेल्या शरीरात गोवर, जुलाब, पटकी आणि न्यूमोनिया शिरतात, आणि त्यांत मुले जातात. असे असूनही आवाहनांत आरोग्य, पाणी आणि स्वच्छता यांचे रकाने अन्नाच्या रकान्यापेक्षा बहुधा रिकामे राहतात. तीव्र कुपोषित मुलाला शेंगदाण्याचे कूट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांची जी तयार पुडी देतात, ती ९२ ग्रॅमची आणि सुमारे ५०० उष्मांकांची असते. एका मुलाला सहा ते आठ आठवड्यांच्या उपचारासाठी साधारण १५० पुड्यांचे एक खोके लागते. पण छावणीत स्वच्छ पाणी नसेल, तर त्या खोक्याचा बराचसा भाग जुलाबावाटे वाहून जातो. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हा मदतीतला सर्वांत महाग अपव्यय आहे, आणि त्याची चौकशी कधी होत नाही.

आता युद्धाचा भाग. २०११ मध्ये दक्षिण सोमालियाचा मोठा प्रदेश अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात होता. या संघटनेने २०१० मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला आपल्या भागात बंदी घातली होती, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये, दुष्काळ चालू असताना, आणखी १६ संस्थांना हाकलले. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेने २००८ मध्ये तिला दहशतवादी संघटना ठरवल्यामुळे, मदतीतला थोडा अंश जरी नाक्यावरच्या करापोटी तिच्या हाती पडला तरी संबंधित संस्थेवर खटला होऊ शकेल अशी धास्ती निर्माण झाली. अमेरिकी निधी त्या काळात झपाट्याने आटला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मार्च २०१० मध्ये ठराव १९१६ द्वारे सोमालियातील मदतकार्याला निर्बंधांतून सूट दिली होती, पण अमेरिकेने आपले नियम सैल केले ते दुष्काळ जाहीर झाल्यावर. सर्वच निर्बंधांना लागू होईल अशी व्यापक सूट सुरक्षा परिषदेने थेट डिसेंबर २०२२ मध्ये, ठराव २६६४ द्वारे दिली. बारा वर्षांचे हे अंतर कायद्याच्या पुस्तकात लहान दिसते. त्या अवधीत बँकांनी मात्र स्वतःच्या भीतीने, कायद्यात लिहिले होते त्याहून कितीतरी अधिक दारे बंद करून टाकली होती.

बँकांचा विषय निघालाच आहे तर हवालाबद्दल बोलायला हवे. आपल्याकडे हा शब्द काळ्या पैशाशी जोडला गेला आहे. सोमालियात तोच बँकेचा पर्याय आहे. परदेशी स्थायिक झालेले सोमाली लोक घरी दरवर्षी पाठवतात तो पैसा एक अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि वाईट वर्षांत अनेक कुटुंबांना परकीय मदतीच्या आधी तोच पोहोचतो. २०१३ मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने या पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा माझ्या ओळखीतल्या सोमाली सहकाऱ्यांना दुष्काळाच्या बातमीपेक्षा ती बातमी अधिक भयानक वाटली होती. २०११ मध्ये कोण मेले हे पाहिले की याचे कारण समजते. सर्वाधिक मृत्यू नद्यांकाठच्या आणि दोआबातल्या शेती करणाऱ्या राहनवेन आणि बंटू समाजांत झाले. त्यांचे नातेवाईक लंडनला किंवा अमेरिकेतील मिनेसोटात फारसे नव्हते, आणि सत्तेच्या वाटणीतही त्यांना फारसे स्थान नव्हते. अवर्षण सर्वांवर सारखेच पडले, पण आधाराचे हात सारखे नव्हते.

पाणी मुरण्याचा प्रश्न टाळता येणार नाही. मुरते, हे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाने २०१० मध्येच अन्नमदतीच्या मोठ्या गळतीचा आरोप केला होता. २०२३ मध्ये पुन्हा अंतर्गत चौकशीत विस्थापितांच्या छावण्यांतून होणारी व्यापक लूट समोर आली, आणि युरोपीय संघाने जागतिक अन्न कार्यक्रमाचा सोमालियासाठीचा निधी काही काळ थांबवला. ही लूट बहुधा गोदामातून ट्रक पळवण्याच्या स्वरूपाची नसते. छावणीची जमीन ज्याच्या ताब्यात असते तो दलाल, ज्याला तिथे ‘मुकुलाल मदोव’ म्हणजे काळे मांजर असेही म्हणतात, कुटुंबांना जागा देतो आणि त्यांच्या मदतीतला हिस्सा घेतो. कोणाचे नाव यादीत जाईल हेही बऱ्याच अंशी तोच ठरवतो. दुर्बळ वंशगटातील कुटुंबाला तो जास्त नाडतो. रोकड थेट मोबाइलवर देण्याची पद्धत आल्याने वाहतुकीतली चोरी घटली, साध्या फोनवरून डॉलरमध्ये व्यवहार होत असल्याने बाजारही चालू राहिला, आणि मी त्या पद्धतीचा ठाम पुरस्कर्ता आहे. पण रक्कम जमा झाल्यावर दलाल संध्याकाळी झोपडीच्या दाराशी उभा राहतोच. म्हणून यादी कोणी केली आणि तक्रार कोणाकडे करता येते, या दोन प्रश्नांवर खर्च केलेला पैसा वाया गेला असे मी कधी मानले नाही, जरी देणगीदार त्याला प्रशासकीय खर्च म्हणून नाक मुरडतात.

त्या खर्चाबद्दलही एक स्पष्टीकरण द्यावे लागेल. सरकार पैसा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला देते, ती तो आंतरराष्ट्रीय संस्थेला देते, आणि ती सोमाली संस्थेला. प्रत्येक पायरीवर साधारण ७ टक्के वरखर्च कापला जातो आणि नवा करार करावा लागतो. रक्कम कमी होते ते एक, पण महिने जातात ते अधिक घातक. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी, २५ टक्के निधी स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितक्या थेट पोहोचवण्याचे कबूल केले. जगाचा विचार करता ते उद्दिष्ट आजही दूर आहे. धोक्याच्या रस्त्यावर जाणारी माणसे मात्र बहुतेक सोमालीच असतात.

पैसा वेळेवर आला तर काय होते, याचा पुरावाही सोमालियानेच दिला आहे. २०१७ मध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच धोक्याची घंटा वाजली, देणगीदारांनी २०११ ची लाज मनात ठेवून लवकर रकमा दिल्या, रोकड मोठ्या प्रमाणावर वाटली गेली, आणि दुष्काळ टळला. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय आपत्कालीन निधीने, संकट पूर्ण उभे राहण्यापूर्वी, केवळ पूर्वानुमानाच्या आधारे सोमालियासाठी १.५ कोटी डॉलर दिले. रक्कम लहान होती, पण ‘आधी मृत्यू दाखवा’ ही अट त्यात नव्हती, म्हणून मी तिला फार महत्त्व देतो. हा निधी २००६ पासून कार्यरत आहे. त्याचे वार्षिक उद्दिष्ट एक अब्ज डॉलर आहे, आणि ते गाठले गेलेले नाही.

२०२२ ची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. ओळीने पाच हंगाम कोरडे गेले, आणि त्यातच युक्रेन युद्ध पेटले. सोमालियाचा जवळपास सर्व गहू रशिया आणि युक्रेनमधून येत असे, त्यामुळे भाव भडकले. देणगीदारांचे लक्ष आणि निधी युरोपकडे वळला. सप्टेंबर २०२२ मध्ये बैदोवा आणि बुरहकबा या जिल्ह्यांत वर्षअखेर दुष्काळ पडेल असा अंदाज जाहीर झाला. मोठी मदत, विशेषतः अमेरिकेची, आली आणि तो शब्द उच्चारण्याची वेळ आली नाही. वर्तमानपत्रांनी ‘दुष्काळ टळला’ असे छापले. नंतरच्या अभ्यासाने त्या एका वर्षात सुमारे ४३,००० अधिकचे मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. रेषा ओलांडली गेली नाही एवढेच, माणसे मेलीच. शिवाय बैदोवा शहर सरकारकडे होते आणि भोवतालची गावे अल-शबाबकडे, त्यामुळे मदतीसाठी लोकांनाच मुलांना कडेवर घेऊन कित्येक दिवस चालत शहरात यावे लागले.

आणि आता तो अमेरिकी आधारच खचला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परकीय मदत गोठवली आणि पुढे ती पाहणारी संस्था मोडीत काढली. दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही काही महिने बंद पडली होती, म्हणजे औषधाबरोबर थर्मामीटरही गेले. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांना जगभरच्या आवाहनात काटछाट करून ‘अत्यंत निकडीचे’ तेवढेच वेगळे काढावे लागले. सोमालियात जागतिक अन्न कार्यक्रमाला आपत्कालीन अन्नमदत घेणाऱ्यांची संख्या ऑगस्टमधील ११ लाखांवरून नोव्हेंबरपर्यंत ३.५ लाखांवर आणावी लागली, आणि त्याच नोव्हेंबरात सोमाली सरकारने अवर्षणाची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. एकाच देणगीदाराच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवणे धोक्याचे आहे हे आमच्या क्षेत्रात सगळे म्हणत होते. पर्याय मात्र कोणी उभा केला नाही, आणि त्या ‘कोणी’मध्ये मीही येतो.

राहिला प्रश्न वैयक्तिक देणगीचा. भारतातून उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, बँकेमार्फत परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते, पण देणगीवर मिळणारी आयकराची सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) भारतात मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीलाच लागू होते. तेव्हा पावती आणि कर यांची चौकशी आधी करावी. जुने कपडे, भांडी, बिस्किटे पाठवू नयेत, कारण त्यांच्या जहाजभाड्यात तिथल्या बाजारातून कितीतरी अधिक वस्तू येतात. रक्कम शक्यतो एखाद्या विशिष्ट कामाला बांधू नये. छायाचित्रातल्या मुलासाठी आलेला पैसा बहुधा भरपूर असतो, आणि पंपाच्या डिझेलला, लसीच्या शीतपेटीला तो मिळत नाही. आरोग्यसेवा देणारी संस्था निवडत असाल तर ती तिथे किती वर्षे आहे आणि अल-शबाबच्या भागातील लोकांपर्यंत तिचे कर्मचारी पोहोचतात का, हे विचारावे. रेड क्रॉस आणि सोमाली रेड क्रेसेंट यांच्या दवाखान्यांचे जाळे या दृष्टीने जुने आहे.

वेळेबद्दल माझा सल्ला बातम्यांच्या उलट असतो. गू हंगाम फसला की नाही हे मेच्या मध्यापर्यंत बऱ्यापैकी कळते, देयरचे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. नैरोबीतील प्रादेशिक हवामान केंद्र त्याही आधी हंगामी अंदाज देते, आणि तो कोणालाही वाचता येतो. अंदाज वाईट असेल तर त्याच महिन्यात पैसे पाठवावेत, तेव्हा वर्तमानपत्रात सोमालियाचे नावही नसते. जूनमध्ये दिलेले पाच हजार रुपये शेळी वाचवतात, आणि डिसेंबरमध्ये दिलेले सलाइनच्या बाटलीला लागतात.